मेयोची नोंदवही

आज दिवसभर शेजारच्या आजींसोबत लॅपटॉपवर एका आयरिश कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची जुनी वही वाचत होते. त्यांचे पणजोबा लहानपणी, १८४५ नंतर बटाट्याचं पीक नासून पडलेल्या दुष्काळात, आयर्लंडमधल्या काउंटी मेयोहून आईबापांबरोबर बोस्टनला आले. त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि निदान तेवढीच देश सोडून गेली.

१९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद जळाले. या कॅथलिक वह्या मात्र गावोगावच्या चर्चमध्ये होत्या, म्हणून वाचल्या. २०१५ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या ऑनलाइन, मोफत ठेवल्यात. केवढं मोठं काम आहे हे!

अक्षर फिकट, शाई पसरलेली, नावं लॅटिनमध्ये. पण बाळाच्या नावाशेजारी आईचं माहेरचं आडनाव आणि धर्ममातापित्यांची नावं असतात. एकाच नावाची दोन मुलं सापडली, तेव्हा त्या माहेरच्या आडनावानेच निवाडा झाला. आजींनी ते आडनाव हळूहळू, तीनदा वाचलं. घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

आता ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात, म्हणजे कर ठरवण्यासाठी केलेल्या आयर्लंडभरच्या जमिनी-घरांच्या यादीत (१८४७ ते १८६४), त्या आडनावाची कुळं शोधायची. माहेरची माणसं तिथेच राहिली असतील, तर गावाचा पत्ता लागेल.