उभ्या खांबात केबलची खाच

खांब पाइनचा, १०० बाय १०० मिलिमीटरचा. वर पडवीचं छप्पर टेकलेलं, त्यामुळे तो आडवा पाडून काम करायची सोय नव्हती. दिवा खांबाच्या पुढच्या बाजूला, २ मीटर उंचीवर हवा होता. केबल जमिनीतून पाइपमधून वर येणार आणि खांबाच्या पाठीत लपून दिव्यापर्यंत जाणार. जागेवर वीज नाही, म्हणजे खाच कापणाऱ्या विजेवरच्या यंत्राचा, राउटरचा, प्रश्नच नव्हता. हाताशी होतं ते असं: १० आणि १८ मिलिमीटरच्या दोन पटाश्या, लाकडी हातोडा, करवत, धारदार सुरी, गुण्या, स्टीलची पट्टी, हाताचं ड्रिल, दोन क्लॅम्प आणि एक सरळ रीप. साडेसहा तास लागले. त्यातले जवळजवळ दोन तास आखणीत आणि धार लावण्यात गेले.

खाच किती रुंद घ्यायची हे केबल मोजल्याशिवाय ठरवू नये. दीड चौरस मिलिमीटरची तीन तारांची गोल केबल बाहेरून साडेआठ मिलिमीटर भरली. तिच्यासाठी १२ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर खोल जागा ठेवली. घट्ट बसणारी खाच दिसायला छान, पण उन्हापावसात लाकूड फुगतं-आकसतं आणि पुढे केबल बदलायची झाली तर ती ओढून निघत नाही. या खाचेच्या तोंडाशी, खांबाच्या पृष्ठालगत, ३० मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर खोल अशी एक पायरी. झाकणपट्टी या पायरीच्या दोन्ही खांद्यांवर टेकते, केबलवर दाब येत नाही. एकूण खोली १६ मिलिमीटर.

छप्पर पेलणाऱ्या खांबाचं लाकूड काढताना हिशेब आधी करावा. पायरीचे ३० गुणिले ६ म्हणजे १८० आणि खाचेचे १२ गुणिले १० म्हणजे १२० चौरस मिलिमीटर. दहा हजारांतले तीनशे गेले, म्हणजे ३ टक्के. तेवढं मला चाललं, कारण खाच बाजूच्या बरोबर मधोमध होती आणि लाकडाच्या तंतूंच्या, म्हणजे रेषांच्या, दिशेने उभी होती. हीच खाच कोपऱ्याला घेतली तर कड फुटते. आडवी घेतली तर भार वाहणारे रेषेच तुटतात. तुळई आणि खांब जिथे जोडलेले असतात त्या जागेला हात लावायचा नाही. खाच तुळईच्या खाली निदान १५० मिलिमीटर संपली पाहिजे. ठोके बसताना खांब हलू नये म्हणून शेजारी एक तात्पुरता टेकू दिला.

आखणीआधी लोहचुंबक खांबावरून फिरवलं. एक जुना मोडका खिळा खाचेच्या रेघेत सापडला. तो तिथेच कोरून काढला. पटाशी त्यावर आपटली असती तर धार पार गेली असती.

आखणी पेन्सिलीने केली तरी शेवटची रेघ सुरीने मारावी, आणि हलक्या हाताने तीनदा. पहिली रेघ जोरात मारली की सुरी लाकडाच्या रेषेमागे पळते. सुरीने वरचे रेषे आधीच तुटलेले असले की ढलपा निघताना रेघेपाशी थांबतो. नाही तर तो खाचेबाहेरची कड सोबत घेऊन जातो. झाकणपट्टीच्या दोन बाजूंनी दिसते ती हीच कड, म्हणून इथे घाई करू नये.

पायरीच्या दोन बाजू करवतीने घेतल्या. रीप रेघेला लावून क्लॅम्पने आवळायची आणि करवतीचं पातं रिपेला चिकटवून चालवायचं. बाजूच्या मधोमध सबंध पातं टेकवता येत नाही, मूठ खांबाला घासते. म्हणून मूठ जरा उचलून पात्याच्या टोकाकडच्या दातांनीच छोटे छोटे हात मारायचे. पात्यावर दातांपासून ६ मिलिमीटरवर चिकटपट्टी लावली होती, ती लाकडाला टेकली की थांबायचं. काम हळू होतं, पण बाजू सरळ येते. मधलं लाकूड १८ मिलिमीटरच्या पटाशीने काढलं.

मग आतली खाच. १२ मिलिमीटरच्या खाचेला १२ मिलिमीटरची पटाशी घ्यावीशी वाटते, पण मी १०ची घेतो. बरोबर मापाची पटाशी ठोकली की ती पाचरीसारखी बसते आणि दोन्ही भिंतींवर रेटा देते. अशा रेट्याने लांब रेषेचं लाकूड सहज चिरतं. १०च्या पटाशीने मधलं काढायचं आणि भिंतींचं राहिलेलं मिलिमीटर-मिलिमीटर १८च्या पटाशीने, हातोडा न लावता, नुसत्या हाताच्या दाबाने तासायचं.

पटाशी आधी रेषांना आडवी धरून ८-८ मिलिमीटरवर तीन-तीन मिलिमीटर खोल ठोकत जायचं. त्यानंतर ती तिरपी करून तुकडे उचलायचे. रेषे आधी तुटलेले असल्यामुळे तुकडा ८ मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. असे तीन थर आणि वर एक मिलिमीटरचा शेवटचा पातळ हात घेतला की १० मिलिमीटर खोली मिळते. आडवे ठोके न घेता थेट लांब ढलपा काढायला गेलं की खोली आपल्या हातात राहत नाही, ती लाकूड ठरवतं.

हे त्याच दिवशी दिसलंसुद्धा. खालच्या ७०० मिलिमीटरमध्ये रेषे खांबाच्या आत उतरत होते आणि मी खालून वर जात होतो. एका ठोक्यात पटाशी २२ मिलिमीटरपर्यंत खाली गेली. रेषे कुठे उतरतात ते शेजारच्या बाजूवर आधी बघायला हवं होतं. खांबाच्या पाठीवर ते कळत नाही, बाजूच्या अंगावर तिरप्या रेघांत स्पष्ट दिसतं. दिशा उलटी केली, वरून खाली आलो, आणि तेच लाकूड गुळगुळीत सुटलं. खोल गेलेली जागा भरली नाही. ती झाकणाखाली आहे, उभ्या खाचेत तिथे पाणी साचत नाही.

१.३ मीटरवर ३५ मिलिमीटरची गाठ आली. पाइनमध्ये गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा फार कठीण असते आणि तिच्याभोवती रेषे वळसा घेतात, त्यामुळे एकच दिशा चालत नाही. दोन ठोक्यांत धारेचा कपचा उडाला. पटाशी पुन्हा घासली, पण या वेळी धारेचा कोन २५ अंशांवरून ३०च्या वर नेला. जाड धार कठीण लाकडात टिकते. गाठीत आधी ६ मिलिमीटरची भोकं ओळीने पाडली, ड्रिलच्या बिटवर खोलीची चिकटपट्टी लावून, आणि मधल्या भिंती दोन्हीकडून पातळ पातळ कापून काढल्या.

तळ सारखा आहे की नाही हे पाहायला लाकडाच्या लहान ठोकळ्यात एक स्क्रू १६ मिलिमीटर बाहेर ठेवून बसवला. ठोकळा खांबाच्या पृष्ठावर टेकवून सरकवला की जिथे तो डगमगतो तिथे तळ उंच आहे. खालच्या टोकाकडून टॉर्चचा तिरपा उजेड टाकला तर उंचवटे डोळ्यांनाही दिसतात.

दिव्यासाठीचं १२ मिलिमीटरचं आरपार भोक दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडलं. एकाच बाजूने पाडलं तर पलीकडे लाकूड फाटतं. भोकाचा उतार खाचेकडे ठेवायचा, आत शिरलेलं पाणी दिव्यात न जाता खाचेतून खाली निघून जावं. कडा घासून गोल केल्या, कारण केबलचं आवरण तीक्ष्ण कडेवरच सोलतं.

खांबाला कारखान्यात औषध मारलेलं होतं. असं औषध बहुतेक वेळा बाहेरच्या थरात जास्त असतं; १६ मिलिमीटर खोल गेलं की फिकट, उघडं लाकूड दिसू लागतं. म्हणून सगळ्या कापलेल्या भागाला ब्रशने औषधाचे दोन हात दिले आणि पूर्ण सुकू दिलं. ओल्या द्रावणात केबल ठेवली तर काही द्रावणं तिचं आवरण बिघडवतात. असल्या लाकडाचा भुसा श्वासात जाऊ देऊ नये आणि ढलपे जाळू नयेत.

झाकणपट्टी २९ मिलिमीटर रुंद, ६ जाड. ती एकाच खांद्याला स्क्रूने बसवली, दुसरी बाजू मोकळी. खांब सुकताना खाचेपाशी उघडू पाहतो. जपानमध्ये घराच्या खांबाला पाठीकडून गाभ्यापर्यंत मुद्दाम काप देतात, त्याला सेवारी म्हणतात, आणि तडा जायचा तो तिथेच जावा हा त्याचा हेतू. आपली खाच तेवढी खोल नसते, पण ओढ तीच. पट्टी दोन्हीकडून पक्की केली तर ती मधून फाटते किंवा स्क्रू सैल होतात. स्क्रू ३ मिलिमीटर जाड, २० लांब, स्टेनलेस स्टीलचे. त्यांची भोकं खाचेपासून किंचित बाहेरच्या बाजूला तिरकी पाडली, म्हणजे टोक केबलकडे वळत नाही.

पट्टीचं वरचं टोक सीलंटने बंद केलं. खालचं उघडं ठेवलं, आत गेलेल्या पाण्याला वाट हवी. पाइपमधून केबल खाचेत शिरण्याआधी तिला खाली झोळासारखं वळण दिलं, तेवढ्यावर पाणी ठिबकून जातं. वीजजोडणी, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा) हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे सोपवलं. पट्टी बंद करण्याआधी त्याने केबलची चाचणी घेतली, त्यानंतरच मी स्क्रू आवळले.