आधी यादी, मग सूत्र

आमच्या गणिताच्या बाई संभाव्यतेचा धडा सूत्राने कधीच सुरू करत नसत. दोन फासे टाकले तर काय काय पडू शकते ते सगळे वहीत लिहून काढायला लावत. (१, १) पासून (६, ६) पर्यंत, सहा ओळी, सहा रकाने, ३६ जोड्या. मग विचारत, "बेरीज ७ कुठे कुठे येते? बोट ठेवून दाखवा." ७ ची घरे त्या तक्त्यात एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी लागतात, सहा. २ ला एकच घर, तेही कोपऱ्यातले. ७ पडण्याची संभाव्यता ६/३६ हे आम्हाला कुणी सांगावे लागले नाही, आणि सगळ्या बेरजांमध्ये तीच सर्वांत जास्त का, हेही नाही.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलनांच्या, खेळांच्या, सहलींच्या आठवणी येतीलच. मला लिहायचे आहे ते बाईंनी आमच्याकडून करून घेतलेल्या सरावाबद्दल. संभाव्यता, मोजणी आणि सांख्यिकी हे तीन धडे पुस्तकात वेगवेगळ्या ठिकाणी होते. बाईंच्या तासाला ते एकच होते, कारण तिन्हींकडे त्या एकच प्रश्न घेऊन जात: "आपण नक्की मोजतोय काय?" आणि त्यावर त्यांचा उपायही ठरलेला: आधी यादी, मग सूत्र.

त्या तक्त्यावरून वर्गात हमखास वाद व्हायचा. (२, ५) आणि (५, २) दोनदा का मोजायचे? पडले तर एक दोन आणि एक पाचच आहे. बाई हा वाद मिटवण्याची घाई करत नसत. एक लाल आणि एक पांढरा फासा घ्यायच्या. लाल २ आणि पांढरा ५ ही एक घटना, लाल ५ आणि पांढरा २ ही दुसरी, हे सगळ्यांना पटायचे. "आता रंग पुसून टाका. रंग गेला म्हणून फासे वेगळे वागायला लागतील का?" एवढ्यावर वर्ग शांत व्हायचा. ज्याला हे पटायला जड जाते त्याला ते जड का जाते, हे बाईंना पक्के ठाऊक होते. फ्रेंच गणिती दालांबेर याने १७५४ मध्ये फ्रेंच विश्वकोशातल्या लेखात अशीच गल्लत केली होती. नाणे दोनदा उडवायचे. निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? तो म्हणाला, पहिल्याच वेळी छापा पडला तर खेळ संपला, म्हणजे शक्यता तीनच: छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. तीनांपैकी दोन अनुकूल, म्हणून २/३. खरे उत्तर ३/४ आहे. त्याच्या यादीत शक्यता सुटलेली नाही. फक्त पहिली शक्यता उरलेल्या दोहोंपैकी प्रत्येकीच्या दुप्पट वजनाची आहे. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्यतांची यादी, लिहिला की त्यातला प्रत्येक घटक समशक्य, म्हणजे सारख्याच शक्यतेचा, आहे का, हे विचारल्याशिवाय भागाकार करायचा नाही, हा नियम आम्ही तिथे शिकलो.

तीन फाशांचे उदाहरण त्याहून सुंदर होते. बेरीज ९ येण्याचे सहा प्रकार आहेत: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. बेरीज १० येण्याचेही सहाच: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. मग खेळणाऱ्यांना १० अधिक वेळा पडते असे का वाटते? हा प्रश्न सतराव्या शतकात गॅलिलिओपुढे आला होता आणि त्याचे उत्तर त्याने लिहून ठेवले आहे. १-२-६ सहा क्रमांनी पडू शकते, १-४-४ तीन क्रमांनी, ३-३-३ मात्र एकाच. असे मोजत गेले की ९ ला २५ वाटा मिळतात आणि १० ला २७, एकूण २१६ पैकी. बाईंनी हे आमच्याकडून अक्षरशः लिहून घेतले आणि मग तासभर फासेही टाकून घेतले. फरक दिसला नाही. तो दिसणारच नव्हता, कारण ०.११६ आणि ०.१२५ यांतले अंतर इतके बारीक आहे की ते कळायला हजारो वेळा फासे टाकावे लागतात. नमुना किती मोठा हवा हा विचार माझ्या डोक्यात पहिल्यांदा आला तो त्या तासाला, "नमुना" हा शब्द सांख्यिकीत भेटण्याच्या बराच आधी.

यादी कुठवर करायची, याचे उत्तर त्यांनी लीलावतीतून दिले. ११५० च्या या ग्रंथात भास्कराचार्यांनी विचारले आहे: शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू अशी दहा आयुधे आहेत, ती हातांत अदलाबदल करून धरली तर मूर्तीची किती रूपे होतील? आणि हरीच्या चार हातांतल्या गदा, चक्र, कमळ, शंख यांची किती? हरीची २४ रूपे आम्ही वहीत लिहून काढली. शंभूची ३६,२८,८०० निघतात. सेकंदाला एक अशी न थांबता लिहीत बसले तर बरोबर ४२ दिवस लागतील. पण २४ लिहिताना एक गोष्ट हाताला कळली होती: पहिल्या हातात काहीही धरा, उरलेल्या तीन हातांची यादी दर वेळी तेवढ्याच लांबीची येते, सहाची. गुणाकार तिथून येतो. ज्याने २४ लिहिली त्याला ३६ लाख लिहायची गरज पडत नाही. परम्युटेशनचे, म्हणजे वस्तू क्रमाने मांडण्याचे प्रकार मोजण्याचे, सूत्र पुढे अकरावीत आले तेव्हा ते आमच्या ओळखीचे होते.

आता समितीचे उदाहरण. हे मी आजवर किती जणांना घातले असेल, सांगता येणार नाही. ६ मुली आणि ५ मुले यांतून ४ जणांची समिती निवडायची आहे. समितीत किमान २ मुली हव्यात. किती प्रकारे?

वर्गातल्या बऱ्याच जणांचे उत्तर आले ५४०. रीत सरळ दिसत होती. आधी ६ मधून २ मुली निवडून अट पुरी करून टाकायची, १५ प्रकार. उरले ९ जण, त्यांतून कोणतेही दोघे, ३६ प्रकार. १५ गुणिले ३६, ५४०. बाईंनी त्यावर फुली मारली नाही. फळ्यावर बाजूला एवढेच लिहिले: ११ जणांतून ४, अट कोणतीच नाही. आम्ही काढले, ३३०. अट घातल्यावर समित्या वाढल्या? वर्गात एकदम गलका झाला.

इथे बहुतेक ठिकाणी बरोबर रीत फळ्यावर येते आणि धडा पुढे सरकतो. दोन मुली व दोन मुले १५० प्रकारे, तीन मुली व एक मुलगा १०० प्रकारे, चारही मुली १५ प्रकारे, बेरीज २६५. बाई मात्र ५४० ला सोडायला तयार नव्हत्या. "हा आकडा कुठून तरी आलाय ना? मग यात काय काय दोनदा मोजलं गेलंय ते शोधा." तीन मुली असलेली एक समिती घ्या. त्या तिघींपैकी कोणत्या दोघी "आधी निवडलेल्या"? तीन प्रकारे ठरवता येते, म्हणून ती समिती तीनदा मोजली गेली. चार मुलींची समिती सहा वेळा. दोन मुलींची फक्त एकदा. म्हणजे १५० एकपट, १०० तिप्पट, १५ सहापट: १५० अधिक ३०० अधिक ९०. बरोबर ५४०.

तो आकडा असा सुटा होऊन जागेवर बसला तेव्हा मला झालेला आनंद अजून तसाच आठवतो. चुकलेल्या उत्तराचा पै-पैचा हिशेब लागू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हते. मोजणीचा सराव करणाऱ्या प्रत्येकाने हे निदान एकदा करून पाहावे असे मला मनापासून वाटते. नुसती बरोबर उत्तरे जमवून मोजणी हाताला लागत नाही. एकच वस्तू किती वाटांनी आपल्या हिशेबात शिरते हे दिसायला लागले की ती लागते.

प्रत्येक उदाहरण दोन रीतींनी सोडवायचे, हा बाईंचा दंडक होता. याच समितीचे दुसऱ्या बाजूने: एकही मुलगी नसलेल्या ५, एकच मुलगी असलेल्या ६० समित्या, ३३० मधून ६५ वजा, २६५. दोन्हीकडून एकच उत्तर आले की पाठीमागे उत्तर बघायची गरज नाही. संभाव्यतेचा जन्मच असा झाला आहे. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींनी एकमेकांना पत्रे लिहिली. प्रश्न असा: दोघांचा खेळ आहे, जो आधी तीन डाव जिंकेल तो पैज जिंकणार, आणि २-१ असताना खेळ मोडला, पैजेची रक्कम कशी वाटायची? फर्माने उरलेल्या दोन डावांच्या चारही शक्यता मांडल्या, त्यांतल्या तीन पुढे असणाऱ्याच्या बाजूच्या निघाल्या. पास्कल शेवटच्या डावाकडून मागे मोजत आला. दोघांची वाटणी एकच आली, तीनास एक. पास्कलने त्या पत्रात लिहिले आहे की सत्य तुलूझमध्ये आणि पॅरिसमध्ये सारखेच असते. तुलूझला फर्मा होता, पॅरिसला पास्कल.

सांख्यिकीला आम्ही तुलनेने कमी वेळ दिला, आणि मला ते थोडे खटकते, कारण आयुष्यात पुढे सर्वांत जास्त तीच लागते. तरी दोन गोष्टी पक्क्या झाल्या. ४८, ४९, ५०, ५१, ५२ आणि १०, ३०, ५०, ७०, ९० या दोन्ही गटांचा मध्य, म्हणजे सरासरी, ५०, आणि मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या, तीही ५०. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनच्या पसाऱ्याचे माप, पहिल्याचे सुमारे १.४१, दुसऱ्याचे २८.२८. नुसती सरासरी सांगणाऱ्याला "आणि पसारा किती?" असे विचारायची सवय इथून लागली. दुसरी गोष्ट वर्गीकृत सारणीवरून, म्हणजे गुणांचे गट पाडून केलेल्या तक्त्यावरून, मध्यक काढण्याच्या सूत्राची. सगळे ते पाठ करत. बाई विचारत, एकूण ५० विद्यार्थी, २० पेक्षा कमी गुणांचे १८, आणि २० ते ३० या वर्गात १४, तर पंचविसावा कुठे असेल? त्या १४ जणांत तो सातवा, म्हणजे वर्गाच्या निम्म्यावर, म्हणून २५. सूत्र एवढेच सांगते. आणि त्यात एक गृहीत दडलेले आहे, की ते १४ जण २० ते ३० मध्ये सारख्या अंतरावर पसरले आहेत. ते तसे नसतील तर उत्तर अंदाजच आहे, हे बाई दर वेळी म्हणवून घेत.

आज मी वैद्यकीय संशोधनातल्या आकडेवारीवर काम करते. चाचणी, तिची अचूकता, रुग्णांची संख्या हे रोजचे आहे. कुणी शिकाऊ डॉक्टर विचारतो, "चाचणी रुग्णाला ९९ टक्के वेळा पकडते, निरोगी माणसाला ९५ टक्के वेळा निरोगी सांगते, मग पॉझिटिव्ह आलेला माणूस आजारी असण्याची शक्यता ९९ टक्केच ना?" अशा प्रश्नांसाठी असलेल्या बेजच्या सूत्राला मी हातही लावत नाही. कागद घेते आणि १०,००० माणसे मांडते. आजार शंभरात एकाला असेल तर आजारी १००, निरोगी ९,९००. आजाऱ्यांपैकी पॉझिटिव्ह ९९. निरोग्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९५. एकूण पॉझिटिव्ह ५९४, त्यांत खरे आजारी ९९. सहांत एक. समोरच्याचा चेहरा बदलतो. मग मी आजाराचे प्रमाण शंभरात दहा धरून पुन्हा मांडायला सांगते: ९९० आणि ४५०, म्हणजे आता जवळजवळ सत्तर टक्के. चाचणी तीच, माणसे वेगळी. हे ज्याने स्वतःच्या हाताने मांडले तो विसरत नाही. ज्याला सूत्र सांगितले तो पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायला येतो.

सध्या शाळेत असलेल्या मुलामुलींना सरावाबद्दल सांगायचे तर उदाहरणे थोडी घ्या, पण एकेकाजवळ रेंगाळा. आकडे मोठे असतील तर आधी लहान करून यादी लिहा. उत्तर काढण्यापूर्वी ते कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये असायला हवे ते समासात टिपा. "किमान" दिसले की उलट बाजूही मोजून बघा. आणि सोडवून झालेल्या उदाहरणातली एक अट बदलून नवे उदाहरण स्वतः तयार करा: काढलेला चेंडू परत पिशवीत टाकला तर? समितीत एक जण अध्यक्ष असेल तर?

एक उदाहरण माझ्याकडून. दहा माजी विद्यार्थी गोल टेबलाभोवती बसणार आहेत. त्यांतले दोघे शेजारीशेजारी बसायला तयार नाहीत. टेबल नुसते फिरवून होणारी रचना वेगळी धरायची नाही. बसण्याच्या किती रचना? दहांपासून सुरुवात करू नका. चार जण घ्या, सगळ्या सहा रचना काढा आणि चालणाऱ्या किती ते बघा, दोनच सापडतील. मग पाच जण घ्या. नंतर दहांचे दोन रीतींनी सोडवा, एकदा शेजारी बसणाऱ्या रचना वजा करून आणि एकदा त्या दोघांपैकी एकाला आधी बसवून. दोन्हीकडून २,८२,२४० आले पाहिजे.