चॅपेलच्या किल्ल्या सांभाळणारी माणसे : बोहोल बेटावरील सणवार

फिलिपीन्सच्या मध्यभागी, सेबू बेटाच्या आग्नेयेला बोहोल नावाचे बेट आहे. मी मूळचा वसईचा. एका धर्मसंघात ब्रदर, म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा न घेतलेला व्रतस्थ, होण्याचे प्रशिक्षण घेत असताना वरिष्ठांनी मला या बेटावरच्या एका खेड्यातील धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, सेवेसाठी पाठवले. घरून फोन आला की एक प्रश्न हमखास विचारला जातो : ज्या देशात 2020 च्या जनगणनेनुसार 78.8 टक्के लोक कॅथलिक आहेत आणि ज्या बेटावर जेझुइट धर्मगुरू 1596 सालीच येऊन पोहोचले होते, तिथे आता मिशनरीचे काय काम?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इथल्या भूगोलात आहे. आमच्या धर्मग्रामाचे मुख्य चर्च समुद्राजवळ आहे, पण त्याच्या हद्दीतल्या वाड्या भातखाचरांतून, नारळीच्या बागांतून आणि डोंगरउतारांवरून आत दूरवर पसरलेल्या आहेत. प्रत्येक वाडीला स्वतःचे चॅपेल आहे, स्वतःचा पालक संत आहे आणि त्या संताचा सण आहे. धर्मगुरू मात्र दोनच असल्याने बहुतेक चॅपेलांत महिन्यातून एकदाच मिस्सा, म्हणजे धर्मगुरूंनीच चालवायची मुख्य उपासना, होते. उरलेल्या रविवारी उपासना चालवणे, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेऊन देणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, कुणी वारले तर नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे पुढारपण करणे, ही सारी कामे वाडीतलीच माणसे करतात. त्यांच्यात निवृत्त शिक्षिका आहेत, मासेमारी करणारे आहेत, सकाळी भाड्याची मोटारसायकल चालवून संध्याकाळी वाचनाचा सराव करणारे तरुणही आहेत. माझे काम त्यांच्याबरोबर राहण्याचे आहे. वाचकांची तयारी करून घ्यावी, मुलांचा वर्ग घ्यावा, ‘हाबाल-हाबाल’ म्हणजे प्रवासी वाहून नेणाऱ्या मोटारसायकलवर मागे बसून डोंगरातल्या आजाऱ्यांना भेटून यावे, असे दिवस जातात.

मी बहुतेक वेळ ज्या वाडीत असतो तिथल्या चॅपेलची किल्ली एका वृद्ध विधवा बाईंकडे असते. त्यांना सगळे ‘लोला’, म्हणजे आजी, म्हणतात. भेटताच त्यांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला टेकवायचा, हा इथला मोठ्यांना नमस्कार करण्याचा रिवाज. आपल्याकडे आजीच्या पाया पडण्याची सवय असल्यामुळे तो मला पहिल्या दिवसापासून जवळचा वाटला. चॅपेल उघडणे, वेदीवरची फुले बदलणे, पावसाचे पाणी आत आले तर काढणे आणि कोण बरेच दिवस दिसले नाही याची चौकशी करणे, ही लोलांची रोजची सेवा आहे. 15 ऑक्टोबर 2013 रोजी 7.2 रिश्टरचा भूकंप झाला तेव्हा लोऑन आणि मारिबोहोक येथील जुनी दगडी चर्चे जमीनदोस्त झाली आणि बाक्लायोनच्या चर्चचा दर्शनी भाग कोसळला. ती पुन्हा उभी राहीपर्यंत तिथल्या लोकांच्या मिस्सा वर्षानुवर्षे तात्पुरत्या मांडवांत होत राहिल्या. त्या काळाविषयी लोक बोलतात तेव्हा मला जाणवते की इथला धर्म दगडी भिंतींपेक्षा लोलांसारख्या माणसांवर अधिक उभा आहे.

हे सर्वात स्पष्ट दिसते ते डिसेंबरमध्ये. 16 डिसेंबरपासून 24 डिसेंबरपर्यंत सलग नऊ दिवस पहाटेची मिस्सा असते. देशभर तिला ‘सिम्बांग गाबी’ म्हणतात, आमच्याकडचे जुने लोक ‘मिसा दे गालो’ म्हणतात. शेतकऱ्यांना उजाडण्यापूर्वी शेतावर जायचे असे, म्हणून स्पॅनिश काळात ही वेळ ठरली असे सांगतात. आमच्याकडे मिस्सा चारला सुरू होते, म्हणजे दूरच्या वाड्यांनी तीनच्या आधीच निघायला हवे. प्रत्येक पहाट एकेका वाडीकडे सोपवलेली असते : त्या दिवशीची गाणी, वाचने, अर्पण आणि मिस्सेनंतरचे खाणे सारे त्या वाडीचे. म्हणून आदल्या रात्री कुणी झोपत नाही म्हटले तरी चालेल. बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद यांचे तारे, ज्यांना ‘पारोल’ म्हणतात, दारोदार लागलेले असतात आणि त्यांच्या उजेडात तिचाकी रिक्षांमधून, मोटारसायकलींवरून, पायी, अंगावर झोपलेली मुले घेऊन माणसे येत राहतात.

मिस्सा संपली की चर्चच्या अंगणात केळीच्या पानावर ‘पुतो माया’ मिळतो. नारळाचे दूध आणि आले घालून शिजवलेला चिकट भात आणि त्यासोबत ‘सिक्वाते’, म्हणजे परसातल्या कोकोच्या बिया भाजून, वाटून, लाकडी रवीने घुसळून केलेले दाट, कडसर पेय. त्या थंड, ओलसर पहाटेला याहून चांगली न्याहारी मला सुचत नाही. याच महिन्यांत इथल्या प्रसिद्ध जांभळ्या कंदाची, ‘उबे किनाम्पाय’ची काढणी होते. बोहोलचे लोक हा कंद हातातून जमिनीवर पडला तर उचलून त्याचे चुंबन घेतात, कारण दुष्काळात याच कंदाने त्यांना जगवले अशी त्यांची श्रद्धा आहे. वेदीसमोर अर्पणात जेव्हा हे कंद ठेवले जातात, तेव्हा त्यामागे काय आहे हे सांगायची गरज कुणाला पडत नाही.

नऊच्या नऊ पहाटे हजर राहिले तर मनातली इच्छा पूर्ण होते असे लोक मानतात. धर्मगुरू प्रवचनात दरवर्षी त्याचा खरा अर्थ समजावून सांगतात, पण मला या समजुतीची चिंता वाटत नाही, कारण लोक काय मागतात हे मी ऐकले आहे. 2021 साली नेमक्या 16 डिसेंबरला, पहिल्या पहाटेच्या मिस्सेच्या दिवशीच, ‘ओडेट’ हे चक्रीवादळ या भागावर आदळले. देशभरात चारशेहून अधिक माणसे मरण पावली आणि बोहोलमध्ये कित्येक आठवडे वीज नव्हती. घराचे छप्पर उडालेली माणसेही उरलेल्या पहाटे मेणबत्त्या आणि बॅटऱ्या घेऊन आली होती, असे वाडीतले लोक सांगतात. त्यांनी तेव्हा पत्रे मागितले, पिण्याचे पाणी मागितले आणि संपर्क तुटलेल्या नातेवाइकांची खुशाली मागितली.

पहाटेच्या मिस्सेसंबंधी आणखी एक गोष्ट मराठी वाचकांना सांगावीशी वाटते. बोहोलच्या ईशान्येकडील सामार बेटावरील बालांगीगा गावात 28 सप्टेंबर 1901 रोजी गावकऱ्यांनी अमेरिकी सैन्याच्या तुकडीवर हल्ला केला. त्याचा सूड म्हणून सामारवर भयंकर संहार झाला आणि सैनिकांनी चर्चच्या तीन घंटा लुटून नेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून अनेक वर्षे प्रयत्न झाले. अखेर डिसेंबर 2018 मध्ये त्या गावात परत आल्या, त्याही पहाटेच्या मिस्सा सुरू होण्याच्या तोंडावर. मी वसईचा असल्यामुळे ही हकिकत ऐकताना मला नाशिकची नारोशंकराची घंटा आठवली. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकल्यानंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या ज्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या, त्यांपैकी ती एक मानली जाते. दोन्ही इतिहास सारखे नाहीत. वसईच्या घंटा नव्या घरी पूजेतच राहिल्या आणि तिथल्या लोकांच्या झाल्या. बालांगीगाच्या घंटा शंभराहून अधिक वर्षे लष्करी तळांवर विजयचिन्हे म्हणून राहिल्या. या फरकाचे मोल मला फार वाटते.

नाताळच्या रात्रीची मिस्सा आटोपली की घरोघर ‘नोचे बुएना’, म्हणजे मध्यरात्रीचे जेवण होते. टेबलावर मोबाइल उभा करून ठेवलेला असतो आणि त्यात दुबईतली मुलगी, हाँगकाँगमध्ये घरकाम करणारी सून किंवा जहाजावरचा मुलगा दिसत असतो. आमच्या वाडीत परदेशी गेलेले माणूस नसलेले घर शोधावे लागेल. आखातातल्या नोकरीवर चाललेली घरे मी वसईतही पाहिली आहेत, परंतु आईच परदेशी आणि मुले आजीकडे, असे इथे जितके दिसते तितके तिथे दिसत नाही. माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली अर्धी मुले आजीचा हात धरून येतात. लोलांच्या हाती चॅपेलची किल्ली का आली, याचे एक कारण हेही आहे.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सेबूला बाळ येशूचा, ‘सांतो निन्यो’चा उत्सव असतो. 1521 मध्ये दर्यावर्दी मॅगेलनने सेबूच्या राणीला दिलेली ती लहानशी मूर्ती आजही तिथल्या बॅसिलिकेत आहे. गर्दी, ढोल आणि ‘पित सेन्योर’चा गजर यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी इतकेच सांगतो की मला सर्वाधिक भावल्या त्या बॅसिलिकेबाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बाया. तुमची प्रार्थना ऐकून घेऊन त्या मेणबत्त्या हातात धरून, तुमच्या वतीने, दोन पावले पुढे आणि एक मागे असा संथ नाच करतात.

फेब्रुवारीत मी मनिलाला गेलो, तो एका जुन्या ओढीने. मनिलाला लागून असलेल्या केसॉन सिटीतील सान फ्रान्सिस्को देल मॉन्ते येथे फ्रान्सिस्कन संघाचे 1590 मध्ये स्थापन झालेले ठाणे आहे. संत पेद्रो बाउतिस्ता यांनी ते उभारले आणि चर्चच्या खालच्या गुहेत ते प्रार्थनेला बसत असे सांगतात. याच पेद्रोंबरोबर 1593 मध्ये दुभाषी म्हणून जपानला गेले ते आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया. आधी जपानमध्ये जेझुइटांचे सहायक, मग व्यापारी आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर असा त्यांचा प्रवास झाला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांत हे दोघेही होते. 1862 मध्ये गोन्सालो संत घोषित झाले. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. वसईत लहानपणापासून आम्ही त्यांचा सण पाळतो, परंतु ते धर्मगुरू नव्हते, ब्रदर होते, याकडे मी कधी पुरेसे लक्ष दिले नव्हते. परक्या देशाची भाषा शिकून एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत नेणे हीच त्यांची सेवा होती. त्या गुहेत मी पुष्कळ वेळ बसलो आणि बोहोलच्या लोकांच्या बिसाया भाषेचा अभ्यास अधिक नेटाने करायचे ठरवूनच उठलो.

पवित्र सप्ताह उपवासात आणि ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या लांबलचक गायनात जातो. ईस्टरच्या पहाटे दोन मिरवणुका निघतात : पुरुषांची पुनरुत्थित ख्रिस्तासह, स्त्रियांची काळ्या पडद्यातल्या मरिया मातेसह. त्या भेटतात त्या ठिकाणी देवदूताच्या वेशातली लहान मुलगी तो पडदा दूर करते.

आणि मग मे महिना येतो. बोहोलमध्ये मे महिन्याच्या प्रत्येक दिवशी कुठल्या ना कुठल्या गावाचा सण असतो. या सणात दार उघडे ठेवायचे आणि ओळखीच्या, अनोळखी प्रत्येकाला जेवू घालायचे, असा दंडक आहे. मी एका दिवसात अनेक घरी जेवलो आहे आणि ‘जेवून जा’ या हाकेत कुठेही उपचार नव्हता. पण याच सणासाठी अख्खे डुक्कर भाजायचे म्हणून सावकाराकडून पैसे उचलणारी घरेही मी पाहिली आहेत. ते कर्ज पुढच्या सुगीपर्यंत फिटत नाही आणि कधी मुलाच्या शाळेच्या खर्चाला कात्री लागते. आदरातिथ्य हा या लोकांचा मोठा गुण आहे, म्हणूनच त्याचा बोजा गरीब घरावर पडू देणे मला चूक वाटते, आणि हे मी वाडीच्या बैठकीत स्पष्टपणे म्हटले.

बैठकीत बराच वेळ वाद झाला. पाहुण्यांना काय तोंड दाखवायचे, असे काहींचे म्हणणे होते. शेवटी लोलांनीच सुचवले की पुढच्या मेपासून सणाचे जेवण चॅपेलच्या अंगणात एकत्र करावे. कुणी तांदूळ द्यावा, कुणी मासे, कुणी फक्त चुलीजवळ हात लावावा, आणि डुक्कर सगळ्या वाडीत मिळून एकच असावे. हिशेबाची वही त्यांनी एका मासेमाराच्या बायकोकडे दिली आहे. तिच्यात आतापर्यंत तांदळाच्या गोण्या आणि नारळ नोंदवले गेले आहेत. ज्यांनी विरोध केला होता त्यांपैकी दोन घरांची नावेही त्यात आली आहेत, आणि बाकीच्यांशी बोलायला आम्ही या रविवारच्या उपासनेनंतर जाणार आहोत.