गावाची गाडी

सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्यातील एका मिशन दवाखान्यात मी 22 वर्षांपासून रोखपाल आहे. मी मूळचा धुळे जिल्ह्यातला. घरी अहिराणी, चर्चच्या मंडळीत मराठी, आणि खिडकीवर पावरी व भिलीतले लागतील तेवढे शब्द, अशी माझी भाषा आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक रोगी धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील डोंगरपाड्यांवरचे असतात. डॉक्टर आणि सिस्टर काय करतात हे सर्वांना ठाऊक असते; परंतु गरीब रोग्याला बिलात किती सूट मिळावी याचा पहिला शेरा खिडकीमागे बसलेला माणूस लिहितो, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. सवलतीच्या अर्जावर जमीन किती, जनावरे किती, घरात खाणारी तोंडे किती, शिधापत्रिका पिवळी की केशरी, असे रकाने आहेत. त्यांच्या खाली ‘रोखपालाचे मत’ अशी एक ओळ आहे, आणि अधीक्षक मॅडम क्वचितच त्या ओळीबाहेर जातात.

हे मत बनवायला आम्हाला कोणी शिकवलेले नाही. पायातील चप्पल, हातातील मोबाइल, अंगावरची चांदी आणि दारात उभी असलेली गाडी, या चार गोष्टींवरून मी इतकी वर्षे माणूस ओळखत आलो. सरकारी विमा योजनेचा आधार असता तर हा भार हलका झाला असता. पण आधार कार्डावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे, अशा रोग्याची फाइल तीन दिवस संगणकातच अडकून राहते. डोंगरातल्या बाईचे नाव तालुक्याच्या कचेरीत कानावर पडेल तसे कोणीतरी टंकित करतो आणि त्याची शिक्षा तिला दवाखान्यात भोगावी लागते. याउलट ज्यांना सवलतीची गरज नसते त्यांच्यासाठी पुढाऱ्यांचे फोन येतात. असे फोन घेऊन घेऊन माझ्या मनाला एक घट्टा पडला होता, हे मला आता कळते.

कामाचा मला अभिमान आहे. संध्याकाळी रोकड आणि पावत्या यांचा मेळ रुपयासह बसल्याशिवाय मी गल्ल्याला कुलूप लावत नाही. सापाच्या विषावरील प्रतिविषाच्या रिकाम्या कुप्या मी स्वतः मोजून घेतो, त्यांचे बॅच क्रमांक औषध विभागाच्या वहीशी ताडून पाहतो, कारण पावसाळ्यात तीच आमची सर्वांत मोलाची वस्तू असते. गरीब रोगी निधीही माझ्याच देखरेखीखाली आहे. मागच्या 31 मार्चला त्या निधीत 1,84,000 रुपये शिल्लक होते, आणि वार्षिक सभेत तो आकडा वाचून दाखवताना मला समाधान वाटले होते.

आत्मिक जीवनाचा हिशेबही मी असाच ठेवत आलो. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, 1,189 अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर ते वर्षाच्या आत पूर्ण होतात. मी ते 9 वेळा पूर्ण केले आहेत आणि प्रत्येक अध्यायापुढे तारखेची खूण आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे 40 दिवस मी एक वेळ जेवतो. आपण वाढत आहोत याची माझी खात्री या खुणांवर उभी होती. आषाढातल्या त्या गुरुवारी सकाळची उपासना घेण्याची पाळी माझी होती आणि मी पवित्र शास्त्रातील कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय निवडला होता. करुणायुक्त हृदय, ममता, सौम्यता, लीनता आणि सहनशीलता ही धारण करा असे पत्र लिहिणारा पौल त्यात सांगतो. धारण करणे म्हणजे वस्त्रासारखे अंगावर चढवणे, असे मी सर्व कर्मचाऱ्यांना समजावून सांगितले. 8 वाजता उपासना संपली आणि मी खिडकी उघडली.

धडगावकडच्या एका पाड्यावरचा 17 वर्षांचा मुलगा मंगळवारी रात्री आमच्याकडे आला होता. भाताच्या खाचरात पायाला घोणस चावली होती. नाल्याला पूर असल्यामुळे गाडीचे दोन तास वाया गेले होते आणि हिरड्यांतून रक्त येत होते. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते तपासण्याची आमच्याकडची पद्धत इतकी साधी आहे की शहरातले पाहुणे थक्क होतात: काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत रोग्याचे थोडे रक्त घ्यायचे, ती न हलवता 20 मिनिटे तशीच उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिले तर विषाचे काम चालू आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकच्या नळीत निकाल चुकतो. त्या मुलाचे रक्त पाण्यासारखे वाहिले. पहिल्या तासात 10 कुप्या गेल्या, सहा तासांनी पुन्हा नळी तिरपी केली, रक्त पुन्हा वाहिले, आणखी 10 कुप्या गेल्या. बुधवारी दुपारी रक्त गोठू लागले. परंतु घोणशीचे विष मूत्रपिंडावरही जाते. गुरुवारी सकाळी त्याची लघवी कमी झाली होती आणि मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन वाढत होते. किमान तीन दिवस ठेवावे, लघवी मोजत राहावे, आणि गरज पडली तर डायलिसिससाठी हलवावे, असे डॉक्टरांनी फाइलवर लिहिले होते.

साडेदहाच्या सुमारास मुलाचा मामा खिडकीशी आला. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. खांद्यावर टॉवेल, खिशात बऱ्यापैकी मोबाइल. तोपर्यंतचे बिल 19,240 रुपये झाले होते आणि पुढच्या तीन दिवसांचा अंदाज मी त्याला 9,000 सांगितला. तो म्हणाला, “साहेब, आतापर्यंतचे सगळे देतो. पुढचे काही कमी करा.” खिडकीतून मला आवारातील पिकअप गाडी दिसत होती; मंगळवारपासून ती तिथेच उभी होती.

“मामा, गाडी घेऊन आलात ना?” मी विचारले.

“गाडी गावाची आहे.”

गाडी दुसऱ्याची आहे, मोबाइल भावाचा आहे, हे मी हजार वेळा ऐकले आहे. तो खरे बोलत असेल, अशी शंकासुद्धा मनात आली नाही. सवलतीचा अर्ज मी खणातून बाहेर काढलाच नाही. पुढचे पुढे पाहू, आधी झालेले भरा, एवढे बोलून पुढच्या माणसाला हाक मारली. मी ओरडलो नाही, अपमान केला नाही. नियमाच्या कागदावर माझी एकही चूक दाखवता येणार नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट मला इतकी सलते.

तासाभराने तो परत आला तेव्हा वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर मुलाच्या आईचा अंगठा उमटलेला होता. त्याने टॉवेलात बांधलेले पैसे खिडकीत ठेवले. बहुतेक नोटा 10, 20 आणि 50 च्या होत्या, काही पावसाने ओलसर झालेल्या; मोजायला मला बराच वेळ लागला आणि रांगेतील लोक कुरकुरू लागले. रक्कम बरोबर 19,240 भरली. मी पावती दिली. ती घेऊन तो गेला नाही; शाळेच्या वहीतून फाडलेला एक दुहेरी कागद त्याने पुढे केला आणि म्हणाला, “यावर पण लिहा, किती घेतले ते. सही करा. गावाला हिशेब दाखवायचा आहे.”

कागदावर एखाद्या शाळकरी मुलाच्या गोल अक्षरात 41 नावे होती आणि प्रत्येक नावापुढे रक्कम होती. कोणाचे 20, कोणाचे 50, पुष्कळांचे 100, एकाचे 2,000. बेरीज 21,350, आणि माझ्या सवयीप्रमाणे मी ती उभ्या उभ्या पडताळली. ती बरोबर होती. त्याखाली ‘गाडी भाडे व डिझेल 1,800’ असे लिहिले होते. गाडी गावाची होती, म्हणजे गावाने पैसे काढून केलेली होती. माझे 19,240 त्याखाली लिहिले की 310 रुपये उरत होते. त्या 310 रुपयांत तीन दिवस राहता येत नाही म्हणून ते निघाले होते, आणि पाड्याकडे दुसऱ्यांदा हात पसरण्याची त्याची तयारी नव्हती. मी इतकी वर्षे पुष्कळ वह्या तपासल्या आहेत. इतका स्वच्छ हिशेब मी क्वचित पाहिला आहे.

मी त्यावर ‘रक्कम पावली’ असे लिहिले, सही केली, शिक्का मारला, आणि कागद परत दिला.

पुढच्या 20 मिनिटांचा मी अजून विचार करतो. मला सर्व समजले होते. कागद हातात असतानाच समजले होते. “मामा, थांबा” एवढे दोन शब्द पुरे होते. रांगेत अकरा-बारा माणसे उभी होती. त्यांच्यादेखत मघाचा निर्णय फिरवणे मला जड गेले, आणि मी पुढच्या रोग्याची प्रयोगशाळेची पावती करू लागलो, त्यानंतर आणखी एकाची. शेवटी उठलो, मॅडमच्या खोलीत गेलो, सांगितले. त्यांनी एका वाक्यात तीन दिवसांचे पूर्ण बिल माफ केले आणि विचारले, “तुम्ही हे मला सकाळी का सांगितले नाही?” मी धावत आवारात आलो तेव्हा पिकअप उभी होती तिथे तेवढी कोरडी जमीन दिसत होती.

अर्जच भरलेला नसल्यामुळे माझ्याकडे फोन नंबरही नव्हता. नोंदणी विभागातला नंबर दिवसभर संपर्कक्षेत्राबाहेर होता. शुक्रवारी आमच्या समाजआरोग्य विभागातल्या एका भावाने त्या भागातील आशाताईंपर्यंत निरोप पोहोचवला, आणि चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. घरी पोहोचल्यावर त्याच रात्री लघवी पूर्ण बंद झाली होती. मामाने पहाटे पुन्हा गाडी करून मुलाला सरकारी रुग्णालयात नेले होते आणि तिथे डायलिसिस चालू होते. मुलगा वाचला. त्यात माझा काही वाटा नाही, आणि तो दगावला असता तर मात्र माझा वाटा होता, हे मी कोणत्याही बाजूने मांडले तरी बदलत नाही.

हे सर्व मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितले. त्यांनी माझे सांत्वन केले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढला. शोमरोनी माणसाला जखमी प्रवाशाचा कळवळा आला असे आपण वाचतो, तिथे मूळ ग्रीक क्रियापद ज्या शब्दावरून आले आहे त्याचा अर्थ आतडी असा आहे, आणि मी त्या गुरुवारी उपासनेत वाचलेल्या ‘करुणायुक्त हृदया’च्या जागीही ग्रीकमध्ये तोच आतड्यांचा शब्द आहे, असे त्यांनी सांगितले. माझी आई कोणाचे दुःख पाहिले की “मनं आतडं तुटस” म्हणत असे. ती शाळेत गेली नव्हती. मी नऊ वेळा वाचलेल्या ग्रंथातला तो शब्द तिच्या तोंडात रोज होता, आणि मी तो अंगावर चढवायचे वस्त्र म्हणून कर्मचाऱ्यांना शिकवीत होतो.

येशूने सांगितलेल्या त्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, मी आजवर नेहमी शोमरोनी माणसाकडे पाहत आलो. जखमी माणसाला पाहून बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, यांना नावे ठेवणेही सोपे असते. शोमरोनी माणसाने जखमीला ज्याच्या हवाली केले त्या उतारशाळेच्या रक्षकाकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते, आणि माझी जागा तर तीच आहे. त्याच्या हाती दोन दिनार पडले, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि वरचा खर्च परत येईन तेव्हा देईन असा एका परक्या माणसाचा शब्द. त्या शब्दावर त्याने जखमी माणसाला ठेवून घेतले की नाही, हे येशू सांगत नाही. माझ्याकडे 19,240 रोख आले होते, निधीत 1,84,000 पडून होते, आणि मी ठेवून घेतले नाही.

आता मी अर्ज भरण्याआधी खाटेपाशी जातो. खिडकीला 10 मिनिटे पाटी लावतो, लोक चिडतात, चिडू देतो. यामुळे माझी माणसांची पारख अचूक झाली असे मात्र मुळीच नाही. श्रावणात ज्याचे पूर्ण बिल मी माफ करवले त्याच्याकडे ट्रॅक्टर असल्याचे नंतर कळले आणि समितीने मला त्याचा जाब विचारला. माझ्याजवळ उत्तर नव्हते. निधीची शिल्लक आज 70,000 च्या खाली आली आहे. येत्या मार्चमध्ये तो आकडा सभेत कसा वाचायचा हेही मला अजून ठरवता आलेले नाही.

भाद्रपदात मामा आला. मुलगाही बरोबर होता, वाळलेला, पण स्वतःच्या पायांनी चालत. मी माफी मागितली. मामाला ती कशाबद्दल हे नीट कळले नसावे, किंवा कळूनही त्याने ती पुढे वाढवली नाही. त्याचे काम वेगळे होते. तो कागद घरात पावसाने भिजला होता, शाई फुटली होती, आणि गावापुढे हिशेब मांडायचा राहिला होता. लिहिणारा मुलगा आश्रमशाळेत परत गेला होता. मला नवा कागद करून देता येईल का, असे त्याने विचारले. मी दवाखान्याचा आखीव कागद घेतला, खिडकीला पाटी लावली आणि बाकावर त्याच्याशेजारी बसलो. तो नावे सांगत गेला, रकमेसह, एकदाही न अडखळता; त्याला वाचता येत नाही, पण 41 माणसे त्याच्या तोंडपाठ होती. मूळ कागदावर, मोजणीच्या घाईत माझ्या नजरेतून निसटलेली एक गोष्ट त्या वेळी कळली. 38 व्या नावापुढे 250 रुपये होते, आणि ते म्हातारीने दिलेली कोंबडी बाजारात विकून आले होते. पैसे लिहायचे की कोंबडी, असे मी विचारले. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, तिने कोंबडी दिली होती. मी रकमेच्या रकान्यात 250 लिहिले आणि त्याच्याशेजारी अक्षरांत ‘एक कोंबडी’ असे लिहून पुढचे नाव विचारले.