तुम्ही विचारलंत म्हणून: या गोळीची सवय लागते का?

"याची सवय तर नाही ना लागणार?" माझ्या औषधाच्या दुकानात चिंतेवरच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे सरकवताना हा प्रश्न हमखास येतो, आणि तोही आवाज खाली आणून. राहायला कोथरूडला, डॉक्टर कोथरूडचे, पण औषध घ्यायला पेठेत, कारण घराजवळच्या मेडिकलमध्ये सोसायटीतलं कुणीतरी भेटणार. पुण्यात 'डोक्याची गोळी' म्हटलं की ऐकणाऱ्याचं मन अजूनही थेट येरवड्याच्या मनोरुग्णालयात जाऊन पोहोचतं. हो की नाही, एवढंच सांगा, असा आग्रह असतो. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना एका शब्दात काहीतरी सांगून मोकळं होणं सोपं आहे. ते करायचं नाही, म्हणून इथे लांबण लावतो.

आधी मला सांगा, कोणती गोळी? चिंतेच्या चिठ्ठीवर बहुधा दोन असतात. एक एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी, रोज घ्यायची, जिचा गुण यायला आठवडे लागतात. दुसरी क्लोनाझेपाम, पाव किंवा अर्ध्या मिलिग्रॅमची, तासाभरात शांत करणारी. लोक घाबरतात ते पहिलीला. दुसरी 'झोपेची गोळी' म्हणून घरात खपून जाते, शेजारच्या काकूंकडून उसनी आणलेलीसुद्धा चालते. आणि सवय लागते ती या दुसरीची! काही आठवडे रोज घेतली की शरीर तिच्यावर विसंबायला लागतं, तेवढ्याच डोसनं पूर्वीसारखं भागत नाही, आणि बरेच दिवस घेऊन एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. म्हणून कायद्यानं ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. "ओळखीचे आहोत, एक पट्टी द्या की" याला मी नाही का म्हणतो, ते यावरून समजून घ्या. ती घेऊन दारू नको, आणि सुस्ती असेल तर दुचाकीही नको.

भरीस भर म्हणून आपल्याकडे या दोन्ही एकाच गोळीत घालूनही विकतात. पहिल्याच रात्री छान झोप लागते, आणि माणूस म्हणतो, "ही गोळी मला लागू पडली." लागू पडलेलं असतं त्यातलं क्लोनाझेपाम. पुढे भीती वाटून तो ती गोळी परस्पर बंद करतो, तेव्हा दोन औषधं एकदम सुटतात, आणि त्रास कशामुळे झाला ते ना त्याला कळत ना घरच्यांना. चिठ्ठीवरच्या नावापुढे 'प्लस' असेल तर डॉक्टरांना विचारा: यातला क्लोनाझेपामचा भाग किती दिवस, आणि तो कमी कसा करायचा?

आता पहिल्या गोळीचे पहिले चौदा दिवस. सगळं इथेच ठरतं, आणि याबद्दलच कुणी नीट सांगत नाही.

एसिटालोप्राम बहुतेकदा पाच मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि आठवड्याभरानं दहा करतात. सर्ट्रालिन पंचवीसवरून पन्नास. ज्याला धडधडीचे झटके येतात त्याला तर हळूच चढवावी लागते, कारण सुरुवातीला ही औषधं चिंता थोडी वाढवू शकतात. हो, वाढवू शकतात. "काही होत नाही हो, घ्या बिनधास्त" असं सांगितलेला माणूस चौथ्या दिवशी धडधडत्या छातीनं परत येतो आणि म्हणतो, खोटं बोललात.

पहिले तीन-चार दिवस मळमळ, तोंडाला कोरड, कधी पोट सैल. ही गोळी सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करते आणि शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असतं, त्यामुळे पोट आधी बोलतं. जेवणानंतर घेतली की पुष्कळ सुसह्य होतं. मग डोकं जड, जांभया, घाम, झोपेची उलथापालथ, आत काहीतरी सळसळल्यासारखं. गुंगी येत असेल तर रात्री घ्या, झोप उडत असेल तर सकाळी, आणि वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा. या दिवसांत अमृततुल्यच्या फेऱ्या कमी करा. चहा-कॉफीनं होणारी धडधड गोळीच्या नावावर जमा होते. एखादी वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत.

दुसऱ्या आठवड्यात मळमळ बहुधा ओसरते. गुण मात्र अजून नसतो. म्हणजे त्रास सगळा आधी आणि फायदा नंतर, असा हा व्यवहार आहे, आणि पैसे देऊन कुणी तो का करावा, हा रास्त प्रश्न आहे. दोन ते चार आठवड्यांत फरक जाणवायला लागतो, पुष्कळदा आधी घरच्यांना: चिडचिड कमी झाली, फोन वाजला की दचकणं कमी झालं. पूर्ण अंदाज यायला सहा-आठ आठवडे. जो पाचव्या दिवशी "मला सूट झाली नाही" म्हणून सोडतो, दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे दुसऱ्या नावाची तशीच गोळी सुरू करतो आणि पुन्हा पाचव्या दिवशी सोडतो, त्यानं औषधाचे फक्त वाईट दिवस चाखलेले असतात. चौथा आठवडा त्याला कधी दिसतच नाही. त्याची भीती मग अनुभवातून आलेली असते, तिला वेडी कशी म्हणणार?

काही गोष्टी मात्र अंगावर काढायच्या नाहीत. अंगावर पुरळ, चक्कर येऊन पडणं, एका जागी बसवेनासं होणं, झोप नसताना अंगात भलताच उत्साह, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार: त्याच दिवशी डॉक्टर. पंचविशीच्या आतल्यांनी तर जास्त जपावं. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, २००४ मध्ये मुलांसाठी या औषधांवर अशा विचारांबद्दल चौकटीतला इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. पेठांतल्या अभ्यासिकांत बसणारी कितीतरी मुलं याच वयाची आहेत, घरापासून लांब, एकेकट्या खोलीत. रूममेटला सांगून ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो. वयस्कर काकूंनी गुडघेदुखीची डायक्लोफिनॅक किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर डॉक्टरांना सांगावं. सोबत डायक्लोफिनॅक घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, ट्रॅमाडॉलचा सेरोटोनिनशी थेट संबंध येतो.

पूर्वी मी म्हणायचो, "बीपीची गोळी घेता ना, तशीच ही." ती तुलना सोडून दिली. बीपीची गोळी बहुतेक जण जन्मभर घेतात आणि भीती नेमकी त्याचीच आहे! "सवय लागत नाही" हेही मी छातीठोक सांगायचो. त्या जुन्या मला अजूनही पूर्ण खोडून काढता येत नाही: या गोळीची तलफ लागत नाही, नशा होत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण एकदम सोडली तर गरगरतं, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होतं, भलतीसलती स्वप्नं पडतात. याला सवय म्हणायचं की नाही यावर तुमच्याशी वाद घालत नाही. तुम्हाला काय होणार, एवढं खरं सांगतो.

बरं वाटल्यावर निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, मग डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात. "एक दिवसाआड घेतो" हा घरगुती उपाय नको. एसिटालोप्राम शरीरात निम्मी व्हायला तीसेक तास लागतात, याच गटातल्या पॅरॉक्सेटिनला त्याहून कमी, त्यामुळे दिवसाआड घेतलं की पातळी रोज झोका घेते. रोज, पण कमी, असं उतरतात. शेवटचे टप्पे सर्वांत सावकाश, कारण पाचवरून शून्यावर येणं दहावरून पाचवर येण्यापेक्षा मेंदूला जास्त जाणवतं. आणि उतरवताना तीन-चार दिवसांत गरगरलं तर तो सोडल्याचा त्रास, काही आठवड्यांनी जुनी काळजी हळूहळू डोकं वर काढायला लागली तर तो आजार. सगळे दोन्हींत गल्लत करतात.

लैंगिक इच्छा कमी होणं किंवा सगळं फार उशिरा होणं हा परिणाम बऱ्याचदा आढळतो आणि तो मळमळीसारखा आपोआप जाईलच असं नाही. लग्न ठरलेली मुलं याच कारणानं गुपचूप गोळी सोडतात. डोस किंवा औषध बदलता येतं, पण त्यासाठी डॉक्टरांसमोर तोंड उघडावं लागतं. चिंता सौम्य असेल तर आधी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धती, करून बघणंही योग्यच आहे. गोळ्या विकणारा मीच हे म्हणतो आहे.

पाच-सहा वर्षं घेत आलेल्यांचं कोडं वेगळं. सोडली आणि चिंता परत आली असं दोनदा झालेलं असेल तर चालू ठेवण्यात अर्थ असतो. कुणी विचारलंच नाही म्हणून चालू असेल तर नसतो. त्यांच्या चिठ्ठीच्या पाठीमागे मी तीन प्रश्न लिहून देतो: ही अजून कशासाठी? उतरवायची झाली तर किती मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी? आणि त्या महिन्यांत त्रास झाला तर कुणाला, कोणत्या वेळेत फोन करायचा?