स्केग धरला, आता बोट उलटी फिरतेय

मंडळी, कायाकच्या शेपटीखाली बसवलेला स्केग, म्हणजे बोट सरळ ठेवणारं उभं पातं, निघाला नाही! बेळगावजवळच्या हिडकल धरणाच्या उघड्या पाण्यात दुपारच्या पश्चिम वाऱ्यात बोट पोटभर चालवली, काठावर आणून पालथी केली आणि जोडाच्या कडेनं नख फिरवून बघितलं. कुठंही सुटलेलं नाही. मागच्या खेपेला इपॉक्सीची अख्खी खपली याच जागी हातात आली होती, तेव्हा मला किती बरं वाटलं असेल ते बघा.

नव्यांसाठी दोनच वाक्यं. चालत्या बोटीचं नाक समोरच्या पाण्याच्या दाबानं जाग्यावर धरलेलं असतं, शेपटीकडचं पाणी मात्र सैल असतं. आडवा वारा शेपूट ढकलतो आणि नाक वाऱ्यात घुसतं; यालाच आपण वेदरकॉकिंग म्हणतो. माझी १४ फुटी सिट-इनसाइड (आत पाय घालून बसायची) कायाक या बाबतीत फार हट्टी आहे. एकाच बाजूनं वल्ही मारून खांदा भरून यायचा आणि काठ काही जवळ यायचा नाही.

इपॉक्सी का सुटला, हे आता नीट कळलंय. पॉलिथिनला गोंद धरत नाही, म्हणून तळ आधी ज्योतीनं शेकून घेतला होता. त्यानं पकड येते, यात शंका नाही. पण रोटोमोल्डेड (फिरत्या साच्यात प्लास्टिक वितळवून बनवलेला) तळ लवचिक असतो आणि इपॉक्सी कडक. स्केगवर पाण्याचा आडवा जोर आला की तळ वाकतो, इपॉक्सी वाकत नाही, मग कडेपासून पापुद्रा उलगडत जातो. तयार किट मागवा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. ती किटं तळाला स्क्रू मारून बसवायची. पाण्याखाली राहणाऱ्या भागात भोक पाडायला माझी तयारी नाही, सीलंट कितीही चांगला असू दे.

वाट सापडली ती बेळगावच्या शहापुरात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या जोडून देणारे एक अण्णा आहेत. त्यांचं काम बघत उभा होतो आणि डोक्यात आलं, अरे, ही टाकीसुद्धा रोटोमोल्डच की! टाकी एलएलडीपीईची, म्हणजे एका प्रकारच्या पॉलिथिनची, माझी बोटही त्याचीच. म्हणजे जोडायला लागणारी पट्टी फुटक्या टाकीतूनच कापता येईल. बोटीच्या हॅचच्या (सामान ठेवायच्या झाकणाच्या तोंडाच्या) कडेची सालपट आणि टाकीचा तुकडा, दोन्ही पाण्यात टाकले, दोन्ही तरंगले. पेटवून विझवल्यावर दोन्हींना मेणबत्तीचाच वास. पट्टी कापताना एवढं बघा: मधला थर फोमचा असलेली टाकी घेऊ नका, आणि उन्हात भाजलेला वरचा भागही नको. बुडाकडचा घ्या.

अण्णांनी आधी तळ ब्लेडनं खरवडला, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. "वरचं कातडं काढल्याशिवाय धरत नाही बघा," म्हणाले. मग एका हातात हॉट एअर गन, दुसऱ्या हातात बोटभर रुंदीची पट्टी. तळ आणि पट्टी दोन्ही एकाच वेळी ओलसर दिसायला लागतात, नेमक्या त्या क्षणी पट्टी दाबायची. एक बाजू आधी वितळली तर वरून जोड छान दिसतो आणि उचकटला की निघतो. हे प्लास्टिक साधारण १२०–१२५ अंशांना वितळतं, त्यामुळं गन जरा जास्त रेंगाळली की तळ खाली बसतो. म्हणून मागच्या हॅचमधून ओलं पोतं गुंडाळलेला लाकडी ठोकळा आतून टेकवून धरला होता. झाल्यावर पाणी ओतून थंड करायचं नाही, आपोआप निवू द्यायचं. अशा दोन उभ्या पट्ट्या समांतर बसवल्या, मधे पात्यापुरती फट.

पातं उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये पडलेल्या ४ मिमी अॅल्युमिनियमच्या तुकड्याचं. कडा कानशीनं गोल करून घेतल्या. पुढच्या बोल्टवर ते फिरतं, मागचा बोल्ट ते खाली धरतो. मागचा मुद्दाम नायलॉनचा घेतला. उन्हाळ्यात पाणी उतरून हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर यायला लागतं, तेव्हा पाण्याखाली दगड कुठं आहेत ते कळत नाही. धडक बसली तर बोल्ट तुटू दे, तळ फाटायला नको.

आता नवीन भानगड. पातं पूर्ण खाली असताना नाक वाऱ्यापासून दूर पळतंय! वारा उजवीकडून, बोट डावीकडं. शेपूट इतकं घट्ट धरलं गेलंय की वारा आता नाकालाच ढकलतो. मागच्या हॅचमधली ड्राय बॅग (सामानाची पाणी न शिरणारी पिशवी) सीटच्या पुढं आणून ठेवली तर बराच फरक पडला. म्हणजे पातं चुकीचं नाही, फक्त खोली जास्त होतेय.

म्हणून पातं कापून लहान करायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, कापायचं कशाला? मागच्या बोल्टसाठी कमानीत तीन भोकं पाडली तर काठावरच वारा बघून खोली ठरवता येईल. खानापूरजवळ असोग्याला मलप्रभेच्या वळणांत तर स्केग नकोच असतो, तिथं पातं पूर्ण वर.

बाकीच्या सामानाचं थोडक्यात. लाइफ जॅकेट बदललं आणि तो विषय एकदाचा मिटला. पाठीचा फोम वरच्या भागात आणि खाली जाळी असलेलं घेतलं, त्यामुळं सीटची पाठ आता जॅकेटला हनुवटीपर्यंत ढकलत नाही. दुकानात घालून बसा, कुणाला तरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. कानाला लागलं तर सरळ परत द्या. सहलीच्या ठिकाणी मिळणारी एका मापाची नारिंगी जॅकेटं वल्हवण्यासाठी नाहीतच, बगलेत घासून कातडी सोलते. वल्हं २३० सेंमीचंच ठेवलंय. जोरदार समोरच्या वाऱ्यात वल्ह्याची दोन्ही पाती एकमेकांशी ६० अंशांत ठेवतो, एरवी शून्यावर.

आणि हो, अजून एक सुचलं. मागच्या बोल्टऐवजी पात्याला खाली ओढणारी बंजी (रबरासारखी ताणणारी) दोरी लावली आणि वर उचलायला बारीक दोरी कॉकपिटपर्यंत आणली तर? दगड लागला की पातं आपोआप मागं वळेल, नायलॉन बोल्टची गरजच संपेल, आणि चालत्या बोटीत खोली बदलता येईल. तसं असेल तर तीन भोकं पाडण्यातही अर्थ नाही. अडचण एकच: डेकला भोक न पाडता दोरी शेपटीच्या टॉगलमधून (बोट उचलायच्या मुठीतून) बाहेरून आणायची, तर ती पाण्यात लोंबू नये. कुणी असं केलं असेल तर दोरी कशी वळवली आणि किती जाडीची घेतली ते सांगा. पातं घेऊन शनिवारी उद्यमबागेत जाणार आहे, त्याआधी कळलं तर ड्रिलचं काम थांबवतो.