ब्राउझरमधला १६ खणांचा कॉम्प्युटर, नोंद ६: क्लॉक आता बोटाने

ब्राउझरमध्ये चालणारा एक छोटा, शिकण्यासाठीचा कॉम्प्युटर मी बनवतोय. मागच्या नोंदीत गेट्स (० आणि १ वर काम करणारी छोटी सर्किटं) आणि ॲडर (बेरीज करणारं सर्किट) चालू झाल्याचं लिहिलं होतं, रजिस्टर (एकेक आकडा धरून ठेवणारी जागा) आणि मेमरी जोडायची राहिली होती. ती जोडली आणि २० + ७ ची बेरीज या कॉम्प्युटरने पहिल्यांदा स्वतः केली, स्क्रीनवर २७ आल्यावर मी रात्री पावणेबाराला घरच्यांना उठवून दाखवलं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी मशीन, बघतो, राहायला वडगावात, आणि जेवण झालं की हे करत बसतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आमच्याकडची कितीतरी पोरं दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये शिकून येतात आणि पहिल्याच महिन्यात रजिस्टर, बस (डेटा ने-आण करणाऱ्या सामाईक वायरी), ॲक्युम्युलेटर (चालू उत्तर जिथे राहतं ते रजिस्टर) सगळं एकदम इंग्रजीत अंगावर येतं, त्यांना मोबाइलवर हाताने करून बघता येईल असा कॉम्प्युटर पाहिजे एवढंच डोक्यात आहे. डिझाइन माझं नाही, शिकवण्यासाठीच बनवलेलं सॅप-१ नावाचं मॉडेल आहे तेच घेतलंय. १६ खणांची मेमरी, प्रत्येक खणात ८ बिट (एक बिट म्हणजे एक ० किंवा १), त्यातले डावीकडचे ४ सांगतात काय करायचं आणि उजवीकडचे ४ सांगतात कुठल्या खणातलं घ्यायचं. इन्स्ट्रक्शन फक्त पाच: एलडीए (खणातलं ॲक्युम्युलेटरमध्ये आण), ॲड (मिळव), सब (वजा कर), आउट (उत्तर दाखव), हॉल्ट (थांब). इतकं लहान आहे म्हणूनच अख्खं एका स्क्रीनवर मावतं.

आधी अडलेल्या दोन गोष्टी, कारण स्वतःचा सिम्युलेटर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या लागणारच.

पहिली शिफ्ट रजिस्टरची, म्हणजे एकेक बिट धरून ठेवणाऱ्या फ्लिपफ्लॉपच्या ओळीची. एका क्लॉकला, म्हणजे सगळ्यांना मिळणाऱ्या एका ठोक्याला, बिट एक घर सरकायला पाहिजे, माझ्याकडे पहिल्याच क्लॉकला ते चारही फ्लिपफ्लॉप पार करून शेवटच्या घरात जाऊन बसायचं. दोन रात्री मी वायरिंग तपासत होतो आणि वायरिंग बरोबरच होतं. चूक माझ्या कोडच्या लूपमध्ये होती, मी पहिल्या फ्लिपफ्लॉपचं आउटपुट लगेच बदलत होतो, मग दुसऱ्याला ते नवीनच दिसायचं, तिसऱ्याला दुसऱ्याचं नवीन. खऱ्या सर्किटमध्ये क्लॉकची कड सगळ्यांना एकाच वेळी लागते. वर्गात एका ओळीतल्या पोरांनी आपापली पाटी एकदमच शेजाऱ्याला द्यायची आणि एकापाठोपाठ एक द्यायची यात जेवढा फरक, तेवढाच हा. आता दोन फेऱ्या केल्यात, पहिल्या फेरीत प्रत्येकजण आपल्या डी पिनवर, म्हणजे इनपुटवर, काय आहे ते फक्त टिपून ठेवतो, दुसऱ्या फेरीत सगळे एकदम बदलतात.

दुसरी एसआर लॅचची, म्हणजे एकमेकांना उलटसुलट जोडलेल्या, एक बिट धरून ठेवणाऱ्या दोन गेट्सची. नॉर गेटच्या (दोन्ही इनपुट ० असतील तरच १ देणाऱ्या) लॅचला दोन्ही इनपुट १ देऊन एकदमच ० केली की माझा टॅब हँग व्हायचा. दोन्ही आउटपुट ० असतात, मग दोन्ही गेट १ होतात, त्यामुळे परत दोन्ही ०, परत १, संपतच नाही. खऱ्या चिपमध्ये दोन गेट्स तंतोतंत सारखे कधीच नसतात म्हणून ते कुठल्यातरी बाजूला कलतं, पण कुठल्या ते आधी सांगता येत नाही. म्हणून ५० फेऱ्यांनंतर मी थांबवतो, त्या वायरी केशरी करतो आणि शेजारी ‘ठरत नाही’ असं लिहून येतं. पुस्तकातल्या टेबलमध्ये या ओळीला नुसतं ‘अवैध’ म्हणतात, ते का हे असं डोळ्यांनी बघितल्यावर लक्षात राहतं.

आता क्लॉक. सुरुवातीला प्ले बटण होतं आणि स्पीडचा स्लायडर, दिसायलाही छान, वायरी हिरव्या होत होत पळायच्या. शेजारच्या काकूंची मुलगी यंदा पहिल्या वर्षाला आहे, तिला मोबाइल दिला. तिने प्ले दाबलं, उत्तर आलं, ‘मस्त आहे दादा’ म्हणाली. मी विचारलं, मेमरीतून बाहेर पहिलं काय आलं? तिला सांगता येईना. सांगता येणार तरी कसं, मी तिला टीव्ही बघायला बसवलं होतं.

उत्तर मला शॉपमध्ये मिळालं. नवीन प्रोग्रॅम मशीनवर टाकला की पहिला जॉब आम्ही सिंगल ब्लॉकवर चालवतो, म्हणजे सायकल स्टार्ट एकदा दाबलं की प्रोग्रॅमची एकच ओळ चालते आणि मशीन थांबतं, दर वेळी टूल कुठे जाणार ते आधी मनात बघायचं आणि मग दाबायचं. नवीन पोरगं तसंच तयार होतं. तेच इथे आणलं. प्ले काढून टाकलं, स्लायडर काढला, आता एकच मोठं बटण आहे क्लॉकचं. सॅप-१ मध्ये एका इन्स्ट्रक्शनला सहा क्लॉक लागतात, त्यातले पहिले तीन नुसती इन्स्ट्रक्शन उचलून आणण्यात जातात: काउंटरमधला (आता कुठल्या खणाची पाळी ते मोजणारा) पत्ता मेमरीला द्या, काउंटर एकने पुढे करा, खणातलं आणून इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये ठेवा. आणि बटण दाबायच्या आधी आता कुठलं रजिस्टर बदलणार त्यावर बोट ठेवायचं, नाहीतर क्लॉक पडतच नाही. चुकलं तर लाल फुली वगैरे काही नाही, डेटा कुठून कुठे गेला ती वायर तेवढी जाड होते.

असली टूल्स आधीही आहेत आणि मी सगळी वापरलीत. लॉजिसिम आणि सर्किटव्हर्समध्ये सर्किट काढायला मजा येते, नँडगेममध्ये एका नँड गेटपासून चढत चढत प्रोसेसरपर्यंत जाता येतं, व्हिज्युअल ६५०२ वर तर १९७५ च्या त्या चिपमधले साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर ब्राउझरमध्ये चालताना दिसतात, मी तासन्‌तास बघितलंय. पण पहिल्या आठवड्यातल्या पोराला एवढं सगळं एकदम नको, त्याला सोळा खण आणि एक बटण पुरे असं माझं मत झालंय.

शब्दांचं पण सांगायचंय. रजिस्टर, बस तसंच ठेवलंय कारण परीक्षेत तेच लागणार, पण कॅरीच्या वायरवर मी ‘हातचा’ लिहिलं. ०१११११११ मध्ये १ मिळवला की हातचा एकेक घर करत सात घरं पुढे जाताना दिसतो, तेव्हा काकूंची मुलगी म्हणाली, ‘हे तर दुसरीतलंच आहे की!’ शेवटच्या घराला उत्तर यायला सगळ्यात उशीर का होतो तेही तिला न सांगता दिसलं, मी नुसता बघालोय शेजारी बसून.

आणि या महिन्यातली सगळ्यात भारी गोष्ट. तिने स्वतः प्रोग्रॅम लिहिला. खण ० मध्ये एलडीए ४, खण १ मध्ये ॲड ५, खण २ मध्ये आउट, मग खण ४ मध्ये २० आणि खण ५ मध्ये ७. उत्तर २७, बरोबर. पण खण ३ मध्ये हॉल्ट टाकायचं राहिलं होतं, आणि उत्तर आलं तरी ती क्लॉक दाबतच होती. थोड्या वेळाने विचारते, ‘दादा, ॲक्युम्युलेटरमध्ये २४ कुठनं आलं? मी २४ कुठंच लिहिलं नाही.’

मलाही लगेच सांगता आलं नाही. रिसेट केलं आणि परत एकेक क्लॉक दाबत गेलो. खण ३ मध्ये काहीच नाही म्हणजे आठ शून्यं, आणि ०००० म्हणजे एलडीए, म्हणजे ‘खण ० मधलं आण’. खण ० मध्ये तिचीच पहिली इन्स्ट्रक्शन, ०००००१००, ती आकडा म्हणून आली, ४. मग काउंटर गेला खण ४ वर, तिथे तिचे २०, बिटमध्ये ०००१०१००. डावीकडचे ०००१ म्हणजे ॲड, उजवीकडचे ०१०० म्हणजे खण ४. तिचा २० इन्स्ट्रक्शन होऊन स्वतःलाच मिळवत होता, ४ आणि २०, २४.

ती बराच वेळ त्या खणाकडे बघत बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे त्याला माहीतच नाही आकडा कुठला आणि इन्स्ट्रक्शन कुठली? काउंटर तिथं आला म्हणून ती इन्स्ट्रक्शन?’ प्रोग्रॅम आणि डेटा एकाच मेमरीत राहतात हे वाक्य मी डिप्लोमाला पाठ करून लिहिलं होतं, तिला ते बारा क्लॉकमध्ये मिळालं, तेही स्वतःच्या प्रोग्रॅममधून. हा प्रोग्रॅम मी तसाच, हॉल्ट नसलेला, तिसरा धडा म्हणून टूलमध्ये ठेवलाय. धड्यात उत्तर लिहिलेलं नाही, नुसता प्रश्न आहे: २४ कुठनं आलं?

पुढचं काम जंपचं, म्हणजे काउंटरला थेट दुसऱ्या खणावर नेणाऱ्या इन्स्ट्रक्शनचं. सॅप-१ मध्ये जंप नाहीच, त्यामुळे लूप करता येत नाही, पण डावीकडच्या चार बिटांचा एक न वापरलेला कोड घेऊन ती टाकतोय, उजवीकडचे चार बिट सरळ काउंटरमध्ये भरायचे एवढंच आहे. सगळं एकाच फाइलमध्ये आहे, एकदा उतरवून घेतली की नेट लागत नाही, खानापूरच्या एका मित्राने गावाकडे रेंज नसताना चालवून बघितली. निपाणी, खानापूर, चंदगड भागात कुणाकडे जुना, लहान स्क्रीनचा अँड्रॉइड असेल तर सांगा, क्लॉकच्या बटणाखाली बोट ठेवल्यावर इन्स्ट्रक्शन रजिस्टर झाकलं जातं का ते मला बघायचंय.